साखरेच्या पाटावरचा पाटकरी

माझ्या थोरल्या आत्याबाईंना आतड्याच्या कर्करोगाने गाठले, त्या वर्षी आमच्या घरातून साखर आणि गूळ हे दोन्ही जिन्नस हद्दपार झाले. हा हुकूम कोणा डॉक्टरांनी दिलेला नव्हता. घरातल्याच एका सुशिक्षित आणि आत्याबाईंवर मनापासून जीव असलेल्या मुलाने कोठेतरी वाचले होते, की कर्करोग साखरेवर जगतो. आणि ज्या शत्रूची रसद तोडता येते त्याला उपाशी मारणे हाच शहाणपणाचा मार्ग, असा मनाला चटकन पटणारा हिशेब त्याने आमच्यापुढे मांडला व आम्ही सर्वांनी तो निमूटपणे मान्य केला. श्रावणात एकदा त्यांनी गव्हाची खीर मागितली. ती त्यांना मिळाली, पण गुळावाचून; दोन घास घेऊन त्यांनी वाटी बाजूला सारली आणि त्यानंतर काही मागितल्याचे मला आठवत नाही. पुढे त्यांचे वजन उतरत गेले, मनगटावरच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकू लागल्या, आणि औषधाची पुढची मात्रा सोसण्याइतके बळ अंगात नाही म्हणून उपचार दोनदा तहकूब करावे लागले. त्यांचा अंत त्या पथ्यामुळे झाला असे मी म्हणत नाही, कारण रोगच दुर्धर होता. परंतु त्यांच्या अखेरच्या महिन्यांतून आम्ही जे काढून घेतले ते कोणत्या आधारावर काढून घेतले, हा प्रश्न मला आजही स्वस्थ बसू देत नाही, आणि ज्या घरांत आज हाच बंदोबस्त चालू असेल त्यांच्यासाठी हा लेख लिहीत आहे.

ज्या वाक्याच्या भरवशावर आम्ही चाललो ते निखालस खोटे असते, तर त्याचे खंडन एका परिच्छेदात आटोपले असते. ते एका खऱ्या आणि थोर शोधाच्या पोटी जन्मले आहे, म्हणूनच ते इतके चिवट आहे. 1920 नंतरच्या दशकात बर्लिनच्या डालेम भागातील आपल्या प्रयोगशाळेत ऑटो वारबुर्ग या जर्मन शास्त्रज्ञाने अर्बुदाचे अत्यंत पातळ काप काढून ते किती प्राणवायू शोषतात व किती आम्ल सोडतात याचे मोजमाप केले, तेव्हा त्याला असे आढळले, की सभोवती प्राणवायू मुबलक असतानाही या पेशी ग्लुकोजचे पूर्ण ज्वलन न करता त्याचे अर्धेमुर्धे विघटन करून ते लॅक्टिक आम्लाच्या रूपाने बाहेर टाकून देतात. निरोगी स्नायू असे काही करतो तो धावताना, प्राणवायू अपुरा पडू लागला म्हणजे. अर्बुदाची पेशी मात्र हे सदासर्वकाळ करते. याच सुमारास, 1925 साली, कार्ल व गर्टी कोरी या दांपत्याने कोंबडीच्या एका पंखावर अर्बुद असता दोन्ही पंखांतून परतणाऱ्या रक्ताची तुलना केली, आणि अर्बुदाच्या बाजूच्या रक्तात साखर कमी व लॅक्टिक आम्ल अधिक असल्याचे दाखवून दिले. वारबुर्गला 1931 चे नोबेल पारितोषिक मिळाले ते श्वसनाच्या विकरावरील कार्यासाठी. पण आज त्याचे नाव घेतले जाते ते अर्बुदाच्या या विलक्षण भुकेमुळे.

निरीक्षण अचूक होते. त्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र पुढे टिकला नाही. पेशीतील श्वसनयंत्रणा बिघडते आणि त्या बिघाडातूनच कर्करोग उद्भवतो, असे वारबुर्ग अखेरपर्यंत मानत राहिला. परंतु बहुतेक अर्बुदांतील तंतुकणिका, म्हणजे जेथे हे ज्वलन घडते त्या पेशीतल्या भट्ट्या, चांगल्या धडधाकट असतात असे नंतरच्या संशोधकांना दिसून आले. मग कोडे अधिकच गहन झाले. ग्लुकोजच्या एका रेणूचे अर्धवट विघटन केल्यास पेशीच्या पदरात शक्तीची, म्हणजे एटीपीची, केवळ 2 नाणी पडतात, आणि पूर्ण ज्वलन केल्यास सुमारे 30. असे असता, ज्या पेशीला भराभर वाढायचे आहे तिने हा आतबट्ट्याचा व्यवहार का पत्करावा?

उत्तर असे, की वाढणाऱ्या पेशीला शक्तीइतकीच सामग्रीही लागते. एका पेशीच्या दोन होण्यापूर्वी तिला आपल्या भिंतींचा स्निग्धांश, प्रथिने आणि आनुवंशिकतेची संपूर्ण डीएनएची प्रत दुप्पट करावी लागते, आणि या बांधकामाचा बराचसा कच्चा माल ग्लुकोजच्या विघटनाच्या वाटेवरच तयार होत असतो. घरात आणलेले सारे लाकूड चुलीत घातले तर ऊब मिळेल, पण तुळई कशाची करणार? तेव्हा वाढणारी पेशी काही लाकूड चुलीपासून राखून ठेवते. हे राखून ठेवण्याचे काम ज्या विकरांकडे आहे, त्यांपैकी एकाची हकीकत मला सांगायची आहे. त्याचे नाव पायरुव्हेट कायनेज.

प्रवरा-नीरेच्या लाभक्षेत्रातील शेतकऱ्याला ही व्यवस्था समजावून सांगायला फारसे श्रम पडणार नाहीत. ग्लुकोजचा पाट पेशीत शिरला म्हणजे दहा टप्पे ओलांडून पायरुव्हेटपाशी पोहोचतो, आणि दहाव्या टप्प्यावरच्या दारावर हे विकर पाटकऱ्यासारखे बसलेले असते. दार सताड उघडले, तर पाणी सरळ पुढे धावून भट्टीकडे किंवा लॅक्टिक आम्लाच्या ओढ्याकडे निघून जाते. दार किलकिले ठेवले, तर पाण्याला फुगवटा येतो, आणि ते वरच्या अंगाला फुटलेल्या चाऱ्यांमध्ये वळते. एका चारीवर डीएनएला लागणारी शर्करा तयार होते, दुसरीवर सेरीनसारखी अमिनो आम्ले. निसर्गाने या पाटकऱ्याच्या दोन आवृत्त्या एकाच जनुकात लिहून ठेवल्या आहेत. मूळ दप्तर एक. परंतु त्याची नक्कल उतरवताना नववे कलम ठेवून दहावे गाळले, तर एम-1 हे रूप तयार होते, आणि दहावे ठेवून नववे गाळले, तर एम-2. बाकी मजकूर तोच. एम-1 हे स्नायू, हृदय व मेंदू यांत आढळते आणि त्याचे दार नेहमी उघडे असते, कारण या अवयवांना वाढायचे नसून काम करायचे असते. एम-2 गर्भाच्या पेशींत, प्रौढ शरीरातील अनेक ऊतींत आणि बहुतेक अर्बुदांत आढळते, व त्याचे वैशिष्ट्य असे, की ते परिस्थितीप्रमाणे दार उघडू वा लोटू शकते: त्याचे चार घटक एकत्र जुळले की ते झपाट्याने काम करते, आणि ते विलग झाले की मंदावते; पाटाच्या वरच्या अंगाला साखर साचली तर ते जुळतात, आणि वाढीचा हुकूम पेशीच्या वेशीवरून आत आला तर विलग होतात.

2008 साली हार्वर्डमध्ये लुईस कँटली यांच्या प्रयोगशाळेतील हेदर क्रिस्टॉफ्क, मॅथ्यू व्हँडर हायडन व त्यांच्या सहकाऱ्यांनी मानवी फुप्फुसाच्या कर्करोगपेशींतील एम-2 काढून त्याच्या जागी एम-1 बसवले. त्याबरोबर त्या पेशींचे लॅक्टिक आम्ल घटले, प्राणवायूचा वापर वाढला, आणि उंदरांच्या शरीरात अर्बुद निर्माण करण्याची त्यांची क्षमता मंदावली. ऐंशी वर्षांपूर्वी वारबुर्गने पाहिलेल्या कोड्यामागचा खरा इसम अखेर हाती लागला, असा समज पसरणे स्वाभाविक होते; आणि एम-2 चा बंदोबस्त केला म्हणजे कर्करोगाचा बंदोबस्त झाला, ही आशा त्यातूनच अंकुरली.

या आशेची पुढे झालेली फेरतपासणी मला विज्ञानाच्या चारित्र्याचे एक सुंदर उदाहरण वाटते, कारण ती ज्यांनी पहिला पुरावा गोळा केला होता त्यांच्याच हातून झाली. व्हँडर हायडन आता मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत स्वतःची प्रयोगशाळा चालवीत होते. त्यांच्या गटाने असे उंदीर तयार केले, की ज्यांच्या पेशींतून एम-2 हवे तेव्हा नाहीसे करता येई, आणि 2013 साली स्तनाच्या कर्करोगाचा अभ्यास करताना त्यांना आढळले, की एम-2 काढून घेतल्यावर अर्बुदे थांबली तर नाहीतच, उलट अधिक लवकर उद्भवली. त्या अर्बुदांतील विभाजन पावणाऱ्या पेशींत पायरुव्हेट कायनेजचे कोणतेही रूप हाती लागेना, आणि ज्या पेशी स्वस्थ बसल्या होत्या त्यांच्यात मात्र एम-1 दिसत होते. म्हणजे वाढीला जे उपकारक होते ते पाटकऱ्याचे अस्तित्व नसून त्याची ढिलाई होती. तो अजिबात नसला तरी दार उघडून धरणारे कोणी नाही, एवढेच पेशीला पुरे होते. या अर्थाला आणखी एका प्रयोगाने दुजोरा दिला होता: 2012 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात एम-2 चे चार घटक जुळवून ठेवणारी, म्हणजे दार उघडे राखणारी संयुगे दिल्यावर उंदरांतील अर्बुदांची वाढ मंदावली होती. विकराला मारणे नव्हे, तर त्याला कामाला लावणे, हा उपाय ठरत होता.

आणि मग 2015 साली सोफिया लंट व त्यांच्या सहकाऱ्यांनी तो प्रश्न विचारला, जो कर्करोगाच्या धामधुमीत मागे पडला होता: निरोगी पेशींचे काय? उंदराच्या गर्भातून घेतलेल्या, कर्करोगाचा कोणताही संस्कार नसलेल्या पेशींतून त्यांनी एम-2 काढले. पेशींनी त्याच्या जागी एम-1 बनवण्यास सुरुवात केली, आणि त्यांचे विभाजन थांबले. त्या मेल्या नाहीत, त्यांना वार्धक्यही आले नाही. त्या केवळ जागच्या जागी खोळंबल्या. शोध घेता घेता असे निष्पन्न झाले, की डीएनए ज्या चार अक्षरांत लिहिला जातो त्यांपैकी एकाचा, म्हणजे थायमिडीनचा, त्यांच्यात जवळजवळ खडखडाट होता, आणि संशोधकांनी बाहेरून थायमीन हा त्याचाच घटक पुरवताच त्या पुन्हा विभाजन पावू लागल्या. पोटाला होते, परंतु बांधकामाला विटा नव्हत्या. अशा रीतीने एका विकराच्या दोन रूपांतील निवड निरोगी पेशीच्या वाढीचा मार्ग मोकळा करते किंवा रोखून धरते, हे स्पष्ट झाले; आणि अर्बुद ज्या शिरस्त्याने वाढते तो शिरस्ता त्याने आपल्याच शरीराच्या दप्तरातून उचललेला आहे, हेही.

या थायमिडीनच्या अभावाची गोष्ट वाचताना मला येल्लाप्रगडा सुब्बराव यांची आठवण होते. आंध्रातील भीमावरम येथे 1895 साली जन्मलेल्या आणि अमेरिकेत जाऊन सायरस फिस्के यांच्यासह एटीपीचा शोध लावण्यात सहभागी झालेल्या या भारतीय रसायनवेत्त्याच्या मार्गदर्शनाखाली लेडर्ले प्रयोगशाळेत फॉलिक आम्लाच्या कार्यात अडथळा आणणारी संयुगे तयार झाली, आणि त्यांपैकी ॲमिनोप्टेरीनने रक्ताच्या कर्करोगाने ग्रासलेल्या बालकांना काही काळ आराम पडतो, हे 1948 साली बोस्टनमध्ये सिडनी फार्बर यांनी दाखवले. ही संयुगे ज्या मार्गांनी काम करतात त्यांतील मुख्य म्हणजे थायमिडीनची टंचाई. पण या टंचाईची झळ अस्थिमज्जेला, तोंडाच्या अस्तराला व केसांच्या मुळांनाही बसते, हे केमोथेरपी घेतलेल्या प्रत्येक घराला माहीत आहे. रोगी पेशी आणि निरोगी पेशी एकाच कोठारातून धान्य नेतात. उपचाराचे सारे कौशल्य मात्रा, वेळ व विवेक यांत असते.

हे कोठार सामायिक असल्याचा पुरावा मुंबईतील अनेक रुग्णांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला आहे. परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये 2002 साली भारतातील पहिला वैद्यकीय सायक्लोट्रॉन व त्याच्या जोडीने पेट स्कॅनची सोय सुरू झाली. या तपासणीत रुग्णाला ग्लुकोजचाच एक किरणोत्सारी नातलग टोचतात. पाटाच्या पहिल्या टप्प्यावरचे हेक्झोकायनेज हे विकर त्याला शिक्का मारून आत घेते, पण पुढच्या टप्प्याला तो न जुळल्याने पेशीतच अडकून पडतो, आणि ज्या ठिकाणी साखरेची ओढ मोठी ते ठिकाण पडद्यावर उजळते. अर्बुद उजळते, हे खरे. परंतु मेंदूही उजळतो, बहुधा हृदयही उजळते, आणि आपल्या देशातल्या डॉक्टरांना नित्य बुचकळ्यात टाकणारी क्षयाची गाठही उजळते, कारण संसर्गाशी झुंजणाऱ्या आपल्या रक्षक पेशी वाढीला लागल्या, की अर्बुदासारखीच साखर ओढतात. साखरेची ही वाट बंद केली तर झळ बसणाऱ्यांच्या यादीत आपले हे रक्षकही येतात.

आता त्या पथ्याच्या हिशेबाकडे वळू. ताटातील साखर बंद केली म्हणून रक्तातील साखर आटत नाही. ती ठरावीक मर्यादेत राखणे हे शरीराचे अत्यंत जुने व्रत आहे, कारण मेंदूला दररोज सुमारे 120 ग्रॅम ग्लुकोज लागते, आणि तंतुकणिका नसलेल्या तांबड्या पेशी तर केवळ याच वाटेवर जगतात. बाहेरून आवक थांबली, की यकृत ती घरातून उभी करते, आणि त्यासाठी स्नायूंची प्रथिने खर्ची पडतात. त्यातच अर्बुदाने टाकलेले लॅक्टिक आम्ल गोळा करून यकृत त्याचे पुन्हा ग्लुकोज बनवते. कोरी दांपत्याच्याच नावाने ओळखल्या जाणाऱ्या या चक्रात अर्बुद एका रेणूमागे एटीपीची 2 नाणी मिळवते, आणि तोच रेणू पुन्हा उभा करण्यासाठी यकृताला 6 मोजावी लागतात. हा तोटा रुग्णाच्या अंगावर पडतो. अशा स्थितीत त्याच्या ताटातले अन्न कमी करणे, म्हणजे अर्बुदाची वसुली तशीच चालू ठेवून घरातली भांडीकुंडी विकणे होय. आत्याबाईंच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकल्या, त्यामागचा एक जमाखर्च हाही होता, हे मला फार उशिरा कळले.

माझ्या म्हणण्याचा विपर्यास होऊ नये म्हणून हेही सांगतो, की साखर अमर्याद खावी असा याचा अर्थ नाही. स्थूलतेचा किमान तेरा प्रकारच्या कर्करोगांशी संबंध असल्याचे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 2016 साली मान्य केले आहे, आणि ज्या रुग्णाला मधुमेह आहे त्याने आपल्या डॉक्टरांनी घातलेले बंधन कसोशीने पाळलेच पाहिजे. परंतु निरोगी माणसाने आयुष्यभर राखायचा संयम वेगळा, आणि वजन घटत चाललेल्या रुग्णावर धास्तीपोटी लादलेली उपासमार वेगळी.

म्हणून माझ्या तीन मागण्या आहेत. पहिली रुग्णालयांकडे: कर्करोगाचे निदान ज्या दिवशी सांगितले जाते, त्याच दिवशी आहाराविषयीचे मार्गदर्शन सोप्या मराठीत, लेखी, आणि भाकरी, वरणभात, दूध, अंडी, शिरा अशा घरातल्या नावांनिशी रुग्णाच्या नातलगाच्या हाती पडावे, कारण त्या दिवशी जी जागा तज्ज्ञांचा सल्ला भरून काढीत नाही, ती संध्याकाळपर्यंत मोबाइलवरचा एखादा निरोप व्यापून टाकतो. दुसरी आम्हां लेखक-संपादकांकडे: प्रयोग पेशींवर झाला, उंदरांवर झाला की माणसांवर, हे बातमीच्या पहिल्याच परिच्छेदात छापण्याचा शिरस्ता आपण पाडावा. 2008 चा निष्कर्ष जेवढ्या ठळकपणे छापण्यास आपण उत्सुक असतो, तेवढ्याच ठळकपणे 2013 व 2015 चे निष्कर्षही छापले गेले पाहिजेत. तिसरी शासन व विद्यापीठे यांच्याकडे: तात्काळ औषध देणार नाही अशा मूलभूत जीवरसायनशास्त्राची तजवीज अंदाजपत्रकात सढळ हाताने करावी. पायरुव्हेट कायनेजचेच पाहा. त्याच्या तांबड्या पेशींतील रूपात जन्मतः दोष असलेल्या माणसांना रक्तक्षयाने आयुष्यभर ग्रासलेले असते. या विकराचे दार कसे उघडते ते रेणूरेणूने समजून घेतल्यामुळेच त्याला चालना देणारे मिटापिव्हॅट नावाचे औषध तयार होऊ शकले, आणि 2022 साली अमेरिकेत त्याला मंजुरी मिळाली. अर्बुदांच्या अभ्यासासाठी आणि रक्तक्षयाच्या उपचारासाठी विद्या एकच लागली, आणि ती अनेकांनी अनेक वर्षे धीराने जोपासलेली होती.

आजही कोणाच्या तरी घरी एखादी वृद्ध स्त्री अंथरुणावरून काहीतरी मागत असेल, आणि तिच्यावर प्रेम करणारी माणसे स्वयंपाकघरात उभी राहून, द्यावे की न द्यावे, या विचारात पडली असतील. त्यांना माझी एवढीच विनंती आहे, की त्यांनी डॉक्टरांना त्याच दिवशी स्पष्ट शब्दांत विचारावे. आणि त्यांनी हरकत नाही म्हटले, तर खिरीत गूळ घालावा, आणि वाटी रिकामी होईपर्यंत तिच्याजवळ बसावे.